एम.टेक.ला जायचंय, पण राजीनामा कधी द्यायचा?

तुझ्या पत्रातून मला समजलेली परिस्थिती आधी मांडते, चुकत असेन तर दुरुस्त कर. वय २६. बी.ई. मेकॅनिकल झाल्यापासून कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहेस, ३ वर्षं ८ महिने झाले. हातात ३१,००० येतात, त्यातले १२,००० घरी देतोस. बाबांचा कागल तालुक्यात दोन एकर ऊस, बहीण बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. फेब्रुवारीत गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा दिलीस, मार्चमध्ये निकाल आला, स्कोअर चांगला आहे. ऑफर मात्र अजून एकही हातात नाही. नेमणूकपत्रात नोटीस दोन महिन्यांची. तुला आत्ता एप्रिलमध्येच राजीनामा द्यायचाय, कारण कंपनी वेळेत सोडणार नाही अशी धास्ती आहे, गणित विसरलंय आणि शिफ्टच्या रगाड्यानं जीव मेटाकुटीला आलाय. बाबांचं म्हणणं, नोकरी सोडूच नको, शिकायचंच असेल तर इथंच संध्याकाळचं काहीतरी कर.

माझं उत्तर असं: एम.टेक.ला जा, पूर्णवेळ जा, आणि राजीनामा आज देऊ नकोस. ऑफर स्वीकारून पैसे भरल्याची पावती हातात आली की दुसऱ्या दिवशी दे. आता असं का म्हणते ते सविस्तर सांगते.

मी २४ वर्षं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पर्सोनेलचं काम केलं. पुढं त्याला एचआर म्हणायला लागले, काम तेच राहिलं. शिकायला म्हणून नोकरी सोडणारी शेकडो मुलं माझ्या टेबलासमोर बसून गेली. काही वर्षांनी त्यातली काही परत आली, मोठ्या पदावर आली. काही सहा महिन्यांतच परत आली आणि आधीपेक्षा कमी पगारावर तयार झाली. या दुसऱ्या मुलांची हुशारी कमी नव्हती. बहुतेकांचा राजीनामा आधी झाला होता आणि प्रवेश नंतर व्हायचा होता, तो झाला नाही किंवा हवा तिथं झाला नाही.

एक मुलगा मला अजून आठवतो. मेल्टिंगला होता, कामाला वाघ. गेटचा स्कोअर आला त्याच आठवड्यात त्यानं राजीनामा दिला. स्कोअर खरंच उत्तम होता. पण त्याला जी शाखा हवी होती, ज्या दोन-तीन संस्था हव्या होत्या, तिथली रांग त्याच्या आधीच संपली. मिळाली ती शाखा त्याला नको होती. जून गेला, जुलै गेला, नारळी पौर्णिमेला तो घरी बसून होता आणि गल्लीतलं प्रत्येकजण विचारत होतं, ‘अजून गेला न्हाईस?’ दिवाळीच्या आधी शिरोलीत लागला, ४,००० रुपये कमी पगारावर. पुढच्या वर्षी त्याच स्कोअरवर पुन्हा अर्ज करता आला असता, कारण गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. पण त्याची उमेद तोवर खचली होती. नोकरीत राहून त्यानं ती एक फेरी हुकवली असती, तर त्याचं फक्त एक वर्ष गेलं असतं. घरी बसून त्याचा आत्मविश्वास गेला, आणि तो परत मिळवायला त्याला बराच काळ लागला.

म्हणून तुझ्या बाबतीत पहिली गोष्ट कॅलेंडरची. आयआयटींच्या ऑफर कोऍप नावाच्या सामायिक पोर्टलवर फेऱ्याफेऱ्यांनी येतात, एनआयटींच्या सीसीएमटी या सामायिक प्रवेशप्रक्रियेतून. हे सगळं साधारण मे-जूनमध्ये चालतं आणि जुलैच्या शेवटाकडं वर्ग सुरू होतात. कोऍपवर ऑफर आली की तुझ्यासमोर तीन पर्याय असतात: स्वीकारून थांबायचं, ती धरून ठेवून वरच्याची वाट बघायची, किंवा सोडून वाट बघायची. जोवर तू ‘धरून ठेवली’ या अवस्थेत आहेस, तोवर तुझा प्रवेश ठरलेला नाही असंच समज आणि ऑफिसात त्याचा उच्चार करू नकोस. स्वीकारून थांबलास आणि संस्थेकडं पैसे भरलेस, की मग तो ठरला.

तुझी खरी भीती नोटिशीची आहे, तर ती आकड्यांत मोडून बघू. तुझा बेसिक १६,००० आणि एकूण पगार ३६,००० लिहिलायस, शिल्लक अर्जित रजा १२ दिवस. समजा तुला ४ जुलैला सुटायचंय, म्हणजे वर्ग सुरू व्हायच्या आधी तीन आठवडे मोकळे मिळतील. पहिल्या फेरीत ऑफर येऊन २५ मेला राजीनामा दिलास, तर नोटीस २४ जुलैला संपते. कमी पडले २० दिवस. त्यात १२ रजेचे वळते केले तर उरले ८. कंपनीनं ते माफ केले नाहीत, तर बेसिकच्या हिशेबानं सव्वाचार हजार भरावे लागतील. आता वाईटातलं वाईट धर. ऑफर उशिरा, १० जूनला आली. मग नोटीस जाते ऑगस्टच्या ९ तारखेपर्यंत, रजा वळती करून २४ दिवस उरतात. बेसिकवर १२,८०० आणि एकूण पगारावर धरलं तर २८,८००. नोटिशीचे पैसे बेसिकवर की एकूण पगारावर, ते तुझ्या नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं. आजच काढून वाच. बहुतेक मुलं ते पत्र पहिल्या दिवशी सही करतात आणि शेवटच्या दिवशी पहिल्यांदा वाचतात.

म्हणजे थांबण्याची किंमत जास्तीत जास्त २८,८०० रुपये. आज राजीनामा दिलास, तर तू २० जूनच्या सुमारास मोकळा होशील, तेव्हा दोन आठवड्यांचा पगार तसाही बुडणारच, आणि वर प्रवेश न झाल्याचा सगळा धोका तुझ्या डोक्यावर. मला यात फार विचार करण्यासारखं काही दिसत नाही. शिवाय माझ्या अनुभवात, उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या आणि काम नीट सोपवून देणाऱ्या मुलाला नोटीसच्या थोड्या दिवसांसाठी अडवणारे मालक कमी. प्रतिस्पर्ध्याकडं जाणाऱ्याला अडवतात. शिकायला जाणाऱ्याचं इथल्या जुन्या मालकांना अजूनही कौतुक असतं.

आता पैसा. दोन वर्षांत तुझा बुडणारा हातातला पगार ७,४४,०००. गेटवर पूर्णवेळ प्रवेश मिळालेल्यांना दरमहा १२,४०० विद्यावेतन मिळतं, चोवीस महिन्यांचे २,९७,६००. फरक ४,४६,४००. हा आकडा बघून घाबरायला होतं, पण हा आकडा तुझ्यासाठी फारसा कामाचा नाही, कारण तो तुझ्या खिशातून जाणारा पैसा नाही, न मिळालेला पैसा आहे. आणि मटेरियल्समधलं चांगल्या संस्थेचं एम.टेक. घेऊन तुझ्यासारखा शॉप फ्लोअर पाहिलेला मुलगा बाहेर पडला, तर हा फरक काही वर्षांत भरून निघतो, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

खरा आकडा दुसरा आहे. तू घरी देतोस ते १२,०००. घोडं तिथं पेंड खातं. विद्यावेतन जवळजवळ तेवढंच आहे, आणि त्यातून तुला मेस, हॉस्टेल, पुस्तकं भागवायचीत. म्हणजे घरचे १२,००० जवळजवळ पूर्ण थांबणार. ते कशावर खर्च होतात, हे तुला नक्की माहीत आहे का? मी विचारते, कारण खूप मुलांना माहीत नसतं. आईच्या औषधांना जातात, की सोसायटीच्या कर्जाला, की बहिणीच्या फीला, की बाजूला पडून राहतात? मी एकदा एका मुलाला घरी पाठवून हे विचारून यायला लावलं. त्याच्या आईनं तीन वर्षांत त्याच्या पैशांतला निम्म्याहून जास्त भाग पोस्टात टाकला होता, त्याच्याच लग्नासाठी. त्याचा प्रश्न एका संध्याकाळीत सुटला. सगळ्यांचा असा सुटत नाही, पण विचारल्याशिवाय कळतही नाही.

आणि महिना बघ. आपल्याकडं पैसा वर्षभर सारखा येत नाही. कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात. कायद्यानं ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला हवी. म्हणजे तुमच्या घरात बिलाचा पैसा येणार तो हिवाळ्यात, तोड कधी येते त्यावर. आणि तुझी फी, हॉस्टेलचं डिपॉझिट, गादीपासून लॅपटॉपपर्यंतचा खर्च येणार जुलैत, जेव्हा सोसायटीचं जूनअखेर नुकतंच मिटवलेलं असतं आणि खताची उचल चालू असते. उसाच्या घरात जुलै हा वर्षातला सगळ्यात कोरडा महिना. वरून विद्यावेतनाचा पहिला हप्ता लगेच पडत नाही. कागदपत्रं, खातं, पडताळणी यांत दोन-तीन महिने गेल्याचं मी अनेक मुलांकडून ऐकलंय. म्हणून तुझ्या स्वतःच्या खात्यात, घरच्यांना हात न लावता, फी वगळून किमान चार महिन्यांचा खर्च बाजूला असायला हवा. एप्रिल, मे, जून हे तीन पगार त्यासाठीच आहेत. आत्ता राजीनामा दिलास, तर नेमका याच पैशातला काही भाग बुडेल.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग इथं जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली, हे आपण शाळेत शिकलो. मला त्यातली एक गोष्ट नोकरी करताना उमगली. महाराजांनी ओळखलं होतं की खेड्यातल्या मुलाचं शिक्षण वर्गाच्या दारात अडत नाही, ते अडतं राहण्या-जेवणाच्या प्रश्नावर. आजही तेच आहे. मुलं फीचा हिशेब पक्का करतात, कर्जाची चौकशी करतात, आणि ऑगस्टमध्ये मेसचे पैसे द्यायला मित्राकडं हात पसरतात.

कर्जाचं थोडक्यात. शैक्षणिक कर्ज साधारण साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, सहकर्जदार म्हणून बाबांची सही लागते, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होते. तुला बहुधा पूर्ण लागणारही नाही. पण मोटारसायकलचे हप्ते राहिलेत असं लिहिलंयस, ते मात्र शेवटच्या पगाराच्या आधी संपव किंवा गाडी विकून टाक. विद्यावेतनातून गाडीचा हप्ता भरणं हे मी कुणालाच झेपलेलं बघितलं नाही.

बाबांच्या म्हणण्याकडं येते, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. नोकरी करत संध्याकाळचं शिक्षण घेऊन चांगलं झालेली माणसं मला माहीत आहेत. आमच्याकडं मेंटेनन्सचा एक इंजिनिअर होता. ड्युटी सुटली की विद्यापीठाच्या रस्त्यानं एमबीएच्या वर्गाला जायचा, तीन वर्षं गेला, आणि पुढं प्लँट हेड झाला. त्याला ते फळलं, कारण त्याला त्याच धंद्यात, त्याच गावात, वरच्या खुर्चीवर जायचं होतं. माणसं आणि पैसा सांभाळायचं शिक्षण हाताखाली माणसं असताना घेतलेलं जास्त मुरतं. आज वर्गात शिकलेलं उद्या सकाळी वापरता येतं.

तुझं तसं नाही. तू लिहिलंयस की तुला एस.जी. आयर्न या ओतीव लोखंडातला श्रिंकेज, म्हणजे थंड होताना आकसून पडणारी पोकळी, नेमका कुठून येतो हे शोधायचंय, नुसता रिजेक्शनचा तक्ता भरायचा नाही. पत्रातलं ते वाक्य मला सगळ्यात आवडलं. ते काम मायक्रोस्कोपसमोर आणि सिम्युलेशनसमोर तासन् तास बसून होतं. रात्रपाळी करून सकाळी प्रयोगशाळेत ते होत नाही. अर्धवेळ एम.टेक. वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, पण त्यात विद्यावेतन नसतं, वेळ जास्त लागतो, आणि जे तुला हवंय, म्हणजे गाईडच्या लॅबमध्ये दिवस काढणं, तेच निसटतं. बाबांना हा फरक समजावून सांग. ‘शिक्षण’ या एका शब्दाखाली दोघं दोन वेगळ्या गोष्टी बोलताय.

तिसरी वाटही विचारून बघ. आयआयटी-एनआयटीत बऱ्याच ठिकाणी प्रायोजित विद्यार्थ्यांची सोय असते. साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो, कंपनी ना-हरकत देते, पगार चालू ठेवते, आणि मग संस्थेचं विद्यावेतन मिळत नाही. आपल्याकडच्या मध्यम कारखान्यांत हे क्वचित घडतं, घडलं तर बाँडसह घडतं. तीन-चार वर्षांचा बाँड असेल तर मी नको म्हणेन, कारण पदवी झाल्यावर तुझी किंमत ठरवायचा हक्क तुझ्याकडं राहत नाही. पण विचारायला काही लागत नाही, आणि विचारताना तू सोडून जाणार आहेस हे साहेबांना सन्मानानं कळतं. मात्र हे विचारायचं तेही ऑफर पक्की झाल्यावरच.

तुझ्या पत्रातली एक ओळ मात्र मला खटकली. ‘इथून एकदाचं सुटायचंय.’ तीन शिफ्ट, उन्हाळ्यात भट्टीशेजारची उष्णता, ऑडिटच्या आधीच्या रात्री, हे मला माहीत आहे. पण स्वतःशी एकदा बसून ठरव की एम.टेक. नसतं, तरी तू ही नोकरी सोडली असतीस का? उत्तर ‘हो’ असेल, तर ते वेगळं दुखणं आहे आणि त्यावर वेगळा उपाय आहे: दुसरी नोकरी, जनरल शिफ्ट, विभाग बदल. थकव्यावर औषध म्हणून घेतलेली दोन वर्षांची पदवी फार महाग पडते, आणि पहिल्या सेमिस्टरचा भार फाउंड्रीपेक्षा हलका नसतो. प्रकृतीच बिघडायला लागली असेल, झोप गेली असेल, खोकला जात नसेल, तर कसलीही वाट न बघता सोड आणि आधी डॉक्टरकडं जा. मग माझे वरचे सगळे हिशेब बाजूला. पण तू जे वर्णन केलंस ते थकव्याचं आहे, आणि तीन महिने तू काढू शकशील असं मला वाटतं. मेमध्ये साहेबांकडून पाच दिवसांची सलग रजा मागून घे. ती १२ दिवसांतून जाईल, नोटिशीचे पाच दिवस वाढतील, तरी घे.

गणिताचं काय? सकाळी ड्युटीआधी एक तास, रात्रपाळीच्या आठवड्यात तोही नको. लिनियर अल्जेब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स एवढंच धर. गेट तू नोकरी करतच काढलीस ना? मग यासाठी नोकरी सोडायची गरज कुठून आली?

तीन आठवडे मोकळे ठेव असं मी म्हटलं, ते मात्र पाळ. आमच्याकडची एक मुलगी शनिवारी सेकंड शिफ्ट संपवून रविवारी रात्रीच्या गाडीनं गेली आणि सोमवारी वर्गात बसली. पगाराचा एक आठवडा वाचवला. ऑगस्टमध्ये तापानं अंथरुणाला खिळली, पहिली परीक्षा तशीच दिली, आणि त्या एका परीक्षेनं तिची सरासरी शेवटपर्यंत खाली राहिली. शरीराला शिफ्टचं घड्याळ उतरवायला दिवस लागतात. त्या तीन आठवड्यांत झोप, बाबांबरोबर शेतात जा, बहिणीच्या पुढच्या प्रवेशाचं बघ.

आता कागद. इथं मी थोडी कडक होते, त्याचं कारण सांगते. १९९९ साली मी एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, प्रवेश मिळाला. साहेबांना तोंडी सांगितलं, ते ‘हो हो, जावा’ म्हणाले, मी राजीनामा टेबलावर ठेवून आले. पोच घेतली नाही. दोन महिन्यांनी अनुभवाचं पत्र मागायला गेले, तर रेकॉर्डवर मी न सांगता कामावर यायची बंद झाले असं होतं. ते पत्र मिळायला पाच महिने लागले, चौदा फेऱ्या झाल्या, वडील प्रत्येक फेरीला बरोबर यायचे आणि गेटवर उभे राहायचे. शिक्षण संपून मी या कामात आले तेव्हा ठरवलं होतं की माझ्या टेबलावरून कुणी असं जाणार नाही.

तर राजीनामा ईमेलनं पाठव आणि कागदावरही दे, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्का-सहीची पोच घे. मजकूर चार ओळींचा: पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षणासाठी राजीनामा देत आहे, अमुक तारखेला कार्यमुक्त करावं, नोटिशीतले कमी दिवस शिल्लक रजेतून वळते करून उरलेल्यांबद्दल विचार व्हावा, काम सोपवण्याची यादी सोबत जोडली आहे. तक्रार, उपकार, तत्त्वज्ञान काही नको. आणि कारण खरंच लिही. आई आजारी आहे म्हणून सोडतो असं सांगून शिकायला गेलेली मुलं असतात. आपला उद्योग लहान आहे, शिरोलीतलं बोलणं गोकुळ शिरगावात जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचतं. चार वर्षांनी तू मेटलर्जिस्ट म्हणून कुठं अर्ज केलास, तर पहिला फोन तुझ्या आत्ताच्या साहेबांनाच जाणार.

पीएफ काढू नकोस. तुझ्या बेसिकवर ४४ महिन्यांचे व्याजासह सव्वा लाखाच्या आसपास जमले असतील. जुलैत हात आखडला की ते डोळ्यांसमोर येतील. पाच वर्षांच्या आत काढले तर करपात्र ठरतात, आणि ५०,००० च्या वर रक्कम असेल तर टीडीएसही कापतात. पुढच्या नोकरीत तीच यूएएन, म्हणजे पीएफची कायमची ओळखसंख्या, देऊन ट्रान्सफर केलेस की ही सेवा त्यात जोडली जाते. यूएएनला तुझा स्वतःचा मोबाइल आणि आधार जोडलेलं आहे ना, हे आत्ताच तपास, आणि कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली की नाही ते ऑगस्टमध्ये बघ. दोन महिन्यांनीही टाकली नसेल, तर पोर्टलवर तुला स्वतःला ती टाकता येते.

ग्रॅच्युइटीसाठी थांबावं का, असंही विचारलंयस. पाच वर्षं पूर्ण व्हायला तुला १६ महिने लागतील आणि मिळतील १६,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे सुमारे ४६,०००. त्यासाठी थांबू नकोस.

कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-बाबा आहेत, ही गोष्ट तू एका कंसात लिहून सोडून दिलीस. ती कंसातली नाही. शेवटच्या दिवशी ते संरक्षण संपतं. नव्या वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडून पहिले तीस दिवस काही मिळत नाही, आणि बाबांच्या शुगरसारख्या आधीच्या आजारांना तर तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून जूनच्या सुरुवातीलाच त्यांची पॉलिसी घे, म्हणजे तीस दिवस कंपनीच्या छत्राखालीच निघून जातील. कंपनीच्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येते का, तेही एचआरला विचार. त्यात आधीची वर्षं धरली जाण्याची शक्यता असते. दोन वर्षांच्या शिक्षणाला मध्येच खीळ बसलेली मी पाहिली, ती बहुतेक वेळा घरातल्या आजारपणानंच बसली.

पगाराचं खातं असेल तर पगार थांबल्यावर बँक ते साधं बचत खातं करते आणि किमान शिल्लक मागू शकते, एवढं लक्षात ठेव. शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या आणि फॉर्म १६ कंपनीच्या मेलमधून स्वतःच्या मेलवर घेऊन ठेव, शेवटच्या दिवशी मेल बंद होतो.

साहेबांशी बोलायचं ते पैसे भरल्याच्या दुसऱ्या दिवशी, राजीनाम्याची ईमेल जायच्या आधी तासभर, समोर बसून. तोवर सँड लॅबमधल्या मित्रालाही सांगू नकोस. मित्र वाईट असतो म्हणून नाही, चहाच्या टपरीवर गोष्टी निसटतात म्हणून. मात्र आत्तापासूनच तुझ्या हाताखालच्या डिप्लोमाच्या मुलाला गेज कॅलिब्रेशनची नोंदवही आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींचं उत्तर लिहायला शिकव. तू गेलास काय, राहिलास काय, ते उपयोगीच आहे, आणि जुलैत तुला लवकर सोडायला साहेबांना यापेक्षा मोठं कारण लागणार नाही.

आणि समजा या वर्षी काहीच हवं तसं लागलं नाही, तर? राज्याची एम.टेक.ची प्रवेशप्रक्रिया केंद्रीय फेऱ्यांनंतर चालते, सांगलीचं वालचंद, पुण्याचं सीओईपी त्यात येतं. ते अर्जही भरून ठेव. तेही जमलं नाही तर तू नोकरीत आहेस, स्कोअर अजून दोन वर्षं जिवंत आहे, आणि तुझी योजना कुणालाच माहीत नाही. पुढच्या मेमध्ये पुन्हा.

शेवटचं, आणि हे या आठवड्यातच. ओबीसी नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसमधून अर्ज करणार असशील, तर केंद्रीय प्रवेशांना १ एप्रिलनंतर काढलेलं, केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. मागच्या वर्षीचं चालत नाही, राज्याच्या नमुन्यातलंही नाही. कागलच्या तहसीलला मेमध्ये दाखल्यांची झुंबड उडते. सेकंड शिफ्ट असेल त्या दिवशी सकाळी जा, बाबांना बरोबर घे, सही त्यांचीही लागेल. रांगेत दोन तास उभं राहावं लागेल, तेवढ्यात त्यांना वरचा जुलैचा हिशेब दाखव. घरी जेवताना हे बोलणं निघत नाही, मला माहीत आहे.